ओढणे, पेलणे, आवरणे

अमेरिकेच्या डोंगराळ भागात राहणारी माणसे पिकअप गाडी घ्यायला निघाली की पहिला प्रश्न विचारतात, "ही किती ओढते?" विकणाराही तोच आकडा आधी सांगतो आणि जाहिरातीत तोच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असायला हवा, "उतारावर ही किती आवरते?" दुसरा, "ही किती पेलते?" आणि या दोन्हींची उत्तरे मनासारखी आली तरच, "किती ओढते?"

मी भाषा शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही. पण माझे चाचा तीस वर्षे चिपळूण-कराड मार्गावर, कुंभार्ली घाटातून ट्रक चालवत होते आणि आमच्या घरात जेवताना बोलणे व्हायचे ते बहुधा गिअर, ब्रेक आणि भाड्याचेच. आज माझा भाचा डेन्व्हरला असतो. त्याला कॅम्पर घ्यायचा आहे. कॅम्पर म्हणजे मागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीघर. सुट्टीत बायको, दोन मुले आणि माझी आपा, म्हणजे त्याची आई, अशा पाच जणांना घेऊन रॉकी पर्वत ओलांडायचा हा बेत. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर मी त्याच्याकडे होतो. रोज रात्री जेवणानंतर हाच विषय निघायचा. माझे मत तिथे मी सांगितले. इथे ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले-भाचे आता तिकडे आहेत आणि घाट तर आपल्या दारातच आहेत.

आधी उंचीचा अंदाज घेऊ. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,609 मीटरवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर जितके उंच होतो, जवळपास तितक्या उंचीवर त्यांचे घर, शाळा, मशीद आणि बाजार आहे. तिथून पश्चिमेला जाणारा आय-70 महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटरवर पोहोचतो. खोपोली ते लोणावळा ही चढण साधारण साडेपाचशे मीटरची आहे. तेव्हा डेन्व्हर ते बोगदा म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन बोरघाट. दक्षिणेकडचे वुल्फ क्रीक पास आणि मोनार्क पास हेही 3,300 मीटरच्या वरचे. शेजारच्या वायोमिंगमधल्या टीटन पासची उंची कमी, पण चढ 10 टक्क्यांचा. तिथे हिवाळ्यात मागे काहीही जोडून न्यायला बंदी असते.

अशा रस्त्यांवर चढताना काय होते? हवा विरळ असते आणि साध्या पेट्रोल इंजिनाचा दम कमी पडतो. ढोबळ हिशोब असा की दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के ताकद जाते. बोगद्याची उंची 11,000 फुटांच्या आसपास. तिथे 400 अश्वशक्तीचे इंजिन 280 च्या जवळ येते. टर्बो असलेले इंजिन हवा दाबून आत घेते, त्यामुळे त्याचे नुकसान बरेच कमी होते. म्हणून डोंगरासाठी टर्बो, मग ते पेट्रोल असो वा डिझेल, हा सल्ला योग्यच आहे. पण चढताना ताकद कमी पडली तर काय होते, तेही बघा. गाडी हळू होते, आपण उजव्या बाजूच्या संथ मार्गिकेत जातो, मागचे लोक चिडतात, अर्धा तास उशीर होतो. एवढेच. चढावर कमी पडलेली गाडी माणसाला लाजवते. उतारावर कमी पडलेली गाडी माणसे मारते.

हे वाक्य मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. 25 एप्रिल 2019 रोजी याच आय-70 वर, डोंगर उतरून डेन्व्हरजवळच्या लेकवुड गावापाशी आलेल्या लाकूडवाहू ट्रकचे ब्रेक निकामी झाले. पुढे वाहनांची रांग थांबलेली होती. एकूण 28 वाहने त्यात सापडली आणि चार माणसे मेली. चालक तेवीस वर्षांचा होता, क्यूबातून आलेला स्थलांतरित. त्याआधी वाटेत निसटलेल्या ट्रकसाठी केलेली वाळू-खडीची चढती वाट होती, पण तो तिच्यात शिरला नाही. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने त्याला 110 वर्षांची शिक्षा दिली, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या गुन्ह्यांच्या शिक्षा एकामागोमाग एक भोगायच्या होत्या. लाखो लोकांनी सह्या करून दयेची मागणी केली आणि त्याच महिन्याच्या शेवटी राज्यपालांनी ती शिक्षा दहा वर्षांवर आणली. शिक्षा किती असावी यावर तिथे खूप वाद झाला. माझ्या डोक्यात मात्र ते चौघे राहिले आहेत. ते फक्त आपापल्या गाडीत, रांगेत थांबलेले होते.

तो मालवाहू ट्रक होता, कॅम्पर नव्हता, हे खरे. पण गुरुत्वाकर्षण परवाना विचारत नाही. उलट परवान्याच्या बाबतीत कॅम्परवाल्याची स्थिती अधिक काळजी करण्यासारखी आहे. मोठा ट्रक चालवायला वेगळी परीक्षा द्यावी लागते. गाडी आणि मागचा कॅम्पर मिळून 26,000 पाउंड, म्हणजे सुमारे 11,800 किलोपर्यंत असेल, तर साधा मोटारीचा परवाना पुरतो. काल ऑफिसला छोटी मोटार घेऊन गेलेला माणूस आज सहा टन घेऊन डोंगर उतरू शकतो, आणि त्याला कोणी एक प्रश्नही विचारत नाही.

सहा टन उतरवणे म्हणजे नेमके काय? गाडी, माणसे आणि कॅम्पर मिळून 6,000 किलो धरू. बोगद्यापासून डेन्व्हरपर्यंत उंचीतला फरक सुमारे 1,790 मीटर. शाळेतल्या विज्ञानाच्या सूत्राने गुणाकार केला तर जी ऊर्जा येते ती सव्वातीनशे लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला पुरेशी आहे. यातला काही भाग हवेच्या आणि रस्त्याच्या विरोधात खर्च होतो. उरलेला कुठेतरी गेलाच पाहिजे. तो इंजिनाने घेतला नाही तर ब्रेकच्या चकत्यांना घ्यावा लागतो. चकत्या तापतात, पकड सुटू लागते, पाय दाबला तरी गाडी हलकी होत नाही, आणि ब्रेकचे तेल उकळले तर पेडल सरळ तळाला जाते.

चाचांचा नियम होता, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. कोलोरॅडोत जड वाहने चालवायला शिकवतात तेव्हाही तत्त्व हेच सांगतात. उतार सुरू होण्याआधी वेग कमी करा, खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वेग वाढला की एकदा ठामपणे दाबा, वेग थोडा उतरवा, सोडून द्या. याच्या उलट आपल्याकडे डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरण्याची सवय आहे. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर वर्षानुवर्षे जे अपघात होतात, त्यांत ही सवय एक कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने एकामागून एक किती गाड्यांना धडक दिली, ते चित्र आपण टीव्हीवर पाहिले आहे.

रेल्वेने हा धडा फार पूर्वी घेतला. कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिने लागतात आणि ती गाडीला घाटावर ढकलतात, हे मुंबई-पुणे करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. उतरणाऱ्या गाडीची काळजी मात्र प्रवाशांच्या फारशी लक्षात येत नाही. बोरघाटात उतरणाऱ्या गाड्यांना वेगाची कडक मर्यादा आहे, ठराविक ठिकाणी त्यांना थांबावे लागते, आणि न थांबलेली गाडी चढावरच्या बाजूच्या रुळांवर वळवून रोखायची सोय केलेली आहे. ज्यांनी हा घाट बांधला त्यांनी चढण्याइतकाच, किंबहुना जास्त विचार उतरण्याचा केला होता. पिकअप घेताना आपणही तोच करायला हवा.

म्हणून आवरण्याच्या यादीत मी चार गोष्टी ठेवतो. पहिली, कॅम्परला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असावेत आणि ते चालवणारे यंत्र पिकअपमध्ये कंपनीनेच बसवलेले असावे, म्हणजे दोन्हीकडचे ब्रेक एकाच वेळी लागतात. दुसरी, ओझ्याच्या वेळी गिअर आपोआप खाली आणणारी सोय. आता ती बहुतेक गाड्यांत असते, पण ती उतारावर खरोखर किती धरते हे चालवून पाहावे. तिसरी, डिझेल असेल तर एक्झॉस्ट ब्रेक. यात धूर बाहेर जाण्याची वाट अडवली जाते, इंजिन स्वतःच चाकांना विरोध करते आणि पायाचा ब्रेक थंड राहतो. डोंगरात डिझेलचा खरा फायदा इथे आहे, चढण्याच्या फुशारकीत नाही. चौथी, गाडीचे स्वतःचे वजन आणि लांबी. वळणावर मागचे घर पुढच्या गाडीला ढकलते तेव्हा हलकी, आखूड गाडी लवकर हार मानते. विजेवर चालणाऱ्या पिकअपही आल्या आहेत. उतारावर त्या फार चांगल्या, कारण उतरतानाची ऊर्जा बॅटरीत परत जाते. पण मागे कॅम्पर जोडला की एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर जवळपास निम्म्यावर येते. डोंगरात चार्जिंगची ठिकाणे विरळ असतात, हे लक्षात ठेवून ती निवड करावी.

आता पेलण्याचे बघू. इथे मराठी आपल्या उपयोगी पडते. इंग्रजी जाहिरातीत ओढण्याचा आकडा वाचून माणूस समजतो की तेवढे ओझे गाडी ‘घेईल’. आपल्या भाषेत ओढणे वेगळे आणि पेलणे वेगळे. बैल गाडी ओढतो, पण जूही त्याच्या मानेवर असते. गाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, पुढची बाजू वर उचलली जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला तर बैलांची मान मोडते. चांगला गाडीवान माल असा भरायचा की मानेवर थोडा, पण पक्का भार राहील.

कॅम्परचे शास्त्र हेच आहे. त्याच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भाग पुढच्या दांडीतून पिकअपच्या मागच्या टोकावर यायला हवा. त्यापेक्षा कमी आला तर कॅम्पर उलाळ होतो आणि वेग वाढल्यावर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. हे डोलणे एकदा वाढले की सावरणे कठीण. म्हणून हा भार टाळता येत नाही. तो पिकअपला पेलावा लागतो. त्याच्या जोडीला गाडीत बसलेली माणसे आणि मागच्या हौद्यातले सामानही त्याच पेलण्याच्या हिशोबात जाते.

गाडी किती पेलेल हा आकडा जाहिरातीत शोधू नये. चालकाचे दार उघडले की चौकटीवर पिवळी पट्टी असलेले एक लहान स्टिकर असते. माणसे आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे जायचे नाही, हे त्यावर त्या एका गाडीपुरते लिहिलेले असते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर हा आकडा वेगळा असतो. उघडणारे छत, कातडी आसने, मोठी चाके, चारही चाकांना ताकद, असे जे जे वाढवाल त्याचे वजन यातून वजा होते. त्यामुळे दुकानातली सर्वांत महागडी गाडी कित्येकदा सर्वांत कमी पेलणारी निघते.

भाच्याचे गणित मांडतो. त्याला आवडलेली गाडी तिकडे ज्याला अर्धा टनी म्हणतात त्या वर्गातली होती. फोर्ड एफ-150, शेवरले सिल्व्हराडो 1500, राम 1500, टोयोटा टुंड्रा या त्या वर्गातल्या प्रसिद्ध गाड्या. नावातला ‘अर्धा टन’ जुन्या काळातून आलेला आहे, त्याचा आजच्या क्षमतेशी संबंध उरलेला नाही. ओढण्याचा आकडा सुमारे 5,000 किलो. आवडलेल्या कॅम्परचे भरलेले कमाल वजन 3,400 किलो. विकणारा म्हणाला, "क्षमतेच्या दोन-तृतीयांशच तर आहे, अगदी आरामात ओढेल." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ओढली असतीच.

मग आम्ही दार उघडून स्टिकर वाचले. 680 किलो. आता कॅम्परच्या 3,400 किलोंचे 13 टक्के म्हणजे 442 किलो दांडीवर. वजन दोन्ही आसांवर वाटणारी जोडणी बसवायची तर तिचे स्वतःचे वजन 40 किलो. ती जोडणी भार वाटते, पण स्टिकरवरचा आकडा वाढवत नाही. आपा, भाचा, सून, दोन मुले मिळून 290 किलो. बेरीज 772. एकही पिशवी, एकही सतरंजी, एकही पातेले ठेवण्याआधी गाडी 92 किलोंनी जास्त भरली होती. ओढण्याच्या आकड्याप्रमाणे मात्र तिच्यात अजून 1,600 किलोंची जागा शिल्लक होती. दोन्ही आकडे एकाच गाडीचे.

ओढण्याचा आकडा येतो तरी कसा, हेही समजून घ्यावे. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपल्या मनाने सांगायची. पुढे अभियंत्यांच्या संघटनेने जे-2807 नावाची एक समान कसोटी ठरवली. टोयोटाने ती आधी स्वीकारली आणि फोर्ड, जनरल मोटर्स, राम या कंपन्या 2015 च्या गाड्यांपासून तिच्याकडे आल्या. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावरचा उन्हाळ्यातला प्रवास तिचा आधार आहे. कसोटी चांगली आहे आणि मी तिला नावे ठेवत नाही. पण तिच्यात गाडीत बसलेली माणसे दोन, प्रत्येकी 150 पाउंडांची, म्हणजे 68 किलोंची. त्या कसोटीत आपा नाहीत, मुले नाहीत, बिर्याणीचे पातेले नाही. शिवाय तो चढ कोलोरॅडोच्या खिंडींपेक्षा बराच खाली संपतो.

आता प्रश्न येतो की मग मोठीच गाडी का घेऊ नये? पाऊण टनी किंवा एक टनी, डिझेल, एक्झॉस्ट ब्रेक असलेली. ज्याच्याकडे मोठे कुटुंब आहे, जो वर्षातले चार-पाच महिने फिरतीवर असतो, त्याने ती अवश्य घ्यावी. तिच्यातही स्टिकर वाचावे, कारण डिझेल इंजिन जड असते आणि सजवलेली पाऊण टनी डिझेल गाडीसुद्धा पेलण्यात अपेक्षेपेक्षा फार कमी निघू शकते. पण वर्षातून तीन-चार सहलींसाठी, रोज ऑफिसला आणि किराणा आणायलाही तीच गाडी वापरणाऱ्या माणसाने हे करावे का? तिकडे अशा गाड्या सात-सात वर्षांच्या कर्जावर घेतात. माझा भाचा व्याजाचा व्यवहार टाळतो आणि जे साठवले आहे त्यातूनच घेणार आहे. त्याच्या पैशांत एक तर जुनी, बरीच चाललेली पाऊण टनी डिझेल येते, किंवा चांगल्या स्थितीतली अर्धा टनी.

माझे मत स्पष्ट आहे. गाडी मोठी करण्याआधी ओझे लहान करा. 2,000 किलो कमाल वजनाचा कॅम्पर घेतला तर दांडीवर 260 किलो, जोडणी 40, माणसे 290, सामान 60. बेरीज 650. स्टिकरवरच्या 680 मध्ये बसते आणि थोडी जागा उरते. उतरताना आवरायची ऊर्जाही जवळपास एक-पंचमांशाने घटते. कॅम्परमध्ये पलंग कमी असतील, तर मुलांसाठी तंबू लावा. मुलांना तंबूच जास्त आवडतो.

भाच्याचा यावर आक्षेप होता आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. "मामू, अम्मीचे गुडघे दुखतात. तिला नीट पलंग हवा, वुझूला कोमट पाणी हवे, रात्री उठले तर बाहेर जावे लागू नये. तिच्यासाठीच तर हे सगळे." आईच्या सोयीपुढे कोणाचा हिशोब टिकतो? पण आपांना लागणारा एक पलंग, एक न्हाणीघर आणि एक शेगडी 2,000 किलोंच्या कॅम्परमध्येही असते. वाढत जाते ते बाकीचे. दुसरा सोफा, मोठा टीव्ही, भिंत बाहेर सरकून रुंद होणारी खोली. आणि पाणी. दीडशे लिटरची टाकी घरून भरून निघालो की दीडशे किलो डोंगरावर चढवायचे आणि डोंगरावरून उतरवायचे. मुक्कामाच्या ठिकाणी नळ असतो. टाकी तिथे भरावी, वाटेपुरते वीस लिटर ठेवावे.

दीनने मुसाफिराला काय दिले आहे ते आठवावे. चार रकातींच्या दोन होतात, रोजा पुढे ढकलता येतो, पाणी नसेल तर तयम्मुम आहे. प्रवासात ओझे हलके करण्याची ही केवढी मोठी शिकवण आहे. आपण मात्र घरातले सगळे घर बरोबर घेऊन निघतो आणि मग त्याला ओढणारी गाडी शोधत बसतो.

काही जण म्हणतील की थोडे जास्त भरले म्हणून लगेच काही होत नाही, हजारो लोक असेच जातात, अल्लाह निगेहबान आहे. उंट बांधण्याची हदीस अशा वेळी सर्वांना पाठ असते, पण गाडीचे स्टिकर वाचायला कोणी उतरत नाही. तवक्कुल आपल्या वाट्याचे काम संपल्यावर सुरू होते. आणि इथे प्रश्न फक्त आपल्या तवक्कुलचाही नाही. आपल्या गाडीपुढे, उताराच्या पायथ्याशी, जे लोक सिग्नलला किंवा कोंडीत थांबलेले असतात, त्यांनी आपल्या हिशोबाला संमती दिलेली नसते. हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या एकमेकांवरील हक्कांचा मामला आहे. स्वतःच्या बाबतीतली चूक अल्लाह माफ करील अशी आशा ठेवता येते. दुसऱ्याचा हक्क बुडवला तर माफी आधी त्या माणसाकडे मागावी लागते, आणि तो माणूसच उरला नसेल तर?

आपल्या जुन्या फकीहांनी हा विषय सोडलेला नव्हता. अल-मावर्दी, ज्यांचे निधन 1058 साली झाले, त्यांनी ‘अल-अहकाम अस-सुलतानिया’ या ग्रंथात मुहतसिबची, म्हणजे बाजार आणि सार्वजनिक व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची कामे सांगितली आहेत. जनावरांकडून झेपणार नाही असे काम करून घेणाऱ्या मालकांना रोखणे आणि बुडण्याची भीती असेल इतका माल जहाजात भरणाऱ्यांना अडवणे, ही दोन्ही कामे त्यांत येतात. जवळपास हजार वर्षांपूर्वीचा हा विचार. ओझे मालकाचे असले तरी ते किती असावे हा फक्त मालकाचा प्रश्न नाही, हे त्यामागचे तत्त्व.

कोलोरॅडोच्या रस्त्यावर माल वाहणाऱ्या अवजड ट्रकांसाठी असा मुहतसिब आहे. त्यांना वजनकाट्यावर थांबावे लागते. कुटुंबाच्या कॅम्परला सहसा कोणी थांबवत नाही. तिथे आपणच आपले मुहतसिब व्हायचे. काम फार अवघड नाही. ट्रकवाले थांबतात त्या मोठ्या पेट्रोल पंपांवर सार्वजनिक वजनकाटे असतात आणि थोड्या डॉलरांत पुढच्या आसाचे, मागच्या आसाचे आणि कॅम्परचे वजन वेगवेगळे छापून मिळते. पाणी, गॅस, माणसे, सामान, सगळे भरून एकदा त्या काट्यावर उभे राहावे. कंपनीच्या कागदावरचे कॅम्परचे रिकामे वजन हे नवरदेवाच्या बायोडाटातल्या उंचीसारखे असते. त्यावर विसंबू नये.

म्हणून ज्याला गाडी निवडायची आहे त्याने क्रम असा धरावा. आधी सोबत कोण येणार आणि कशाशिवाय चालणार नाही, हे कागदावर लिहावे. त्यावरून कॅम्पर ठरवावा आणि त्याचे भरलेले वजन धरावे, रिकामे नव्हे. मग दांडीवरचा भार, माणसे आणि सामान यांची बेरीज करून ती पेलणारी गाडी शोधावी, दार उघडून, स्टिकर वाचून. मग तीच गाडी एका लांब उतारावर चालवून पाहावी, आणि विकणारा फक्त चढावर घेऊन जात असेल तर नम्रपणे गाडी परत फिरवायला सांगावे. ओढण्याचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. एवढे केल्यावर तो बहुधा पुरेसाच निघतो.

भाच्याने अजून काही घेतलेले नाही. काल त्याने एका गाडीच्या दाराच्या चौकटीचा फोटो पाठवला. फोटोत गाडी दिसत नव्हती, तिचा रंगही कळत नव्हता. फक्त स्टिकर होते, त्याखाली त्याने हाताने लिहिलेली पाच माणसांची वजने होती, आणि आपांच्या वजनापुढे प्रश्नचिन्ह होते. तो आकडा विचारण्याचे धाडस आमच्या घरात कोणी करणार नाही. सत्तर धरून चाल, असे मी त्याला कळवले आहे.